वेली काढाव्यात, मुळासकट

बाळांनो,

तुम्हांला मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. तुमची आई वाचून दाखवेल, आणि जिथे तिला कंटाळा येईल तिथे ती गाळेल. गाळू नये, अशी तिला इथेच सूचना.

लिहिण्याचं कारण असं. धाकटीने गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं, की कोरड्या डोंगरांवर झाडं कमी उगवतात ती हवामानामुळे की माणसांमुळे. शाळेचा प्रकल्प आहे, एका ओळीत उत्तर पाहिजे. मी म्हटलं, "दोन्हींमुळे." ती म्हणाली, "थँक्यू आजी," आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला चैन नाही. ह्या एका प्रश्नापायी मी विशीतली वर्षं उन्हात घालवली, घरात एक भांडण ओढवून घेतलं आणि एक ठरत आलेलं लग्न मोडलं. त्याची एक ओळ होत नाही. शिवाय पुढच्या महिन्यात मी तुमच्या मामाकडे वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहे. तिथे माझ्या लिहायच्या टेबलाला जागा आहे की नाही हे अजून ठरायचं आहे. टेबल आहे तोवर लिहून टाकते.

आधी आमच्या भाषेबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिच्यातून झाला. आम्ही तंजावरकडचे. आमचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी मराठी बोलत दक्षिणेत आले, आणि पुढे तिकडे मराठी कशी बदलली ते त्यांना कुणी कळवलं नाही. आमच्या घरात 'सगळं'ला 'अस्कं' म्हणत. जिथे जुना शब्द आठवत नसे तिथे तमिळ शब्द बसवत, आणि तो तमिळ आहे हे कुणाच्या लक्षातही नसे. मी मात्र पुण्याहून टपालाने येणारं एक मासिक वाचून पुस्तकी मराठी शिकले होते. आईच्या बोलण्यात मी दुरुस्त्या करत असे. त्याचा मला गर्व होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

तर मी मद्रासच्या एका मुलींच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे मुलींना सूक्ष्मदर्शकातून काय दिसतं ते सांगायचं, आणि त्यांना ते दिसलं नाही तर स्वतः पाहून चित्र काढून द्यायचं. नोकरी हंगामी होती. प्रबंध लिहून पदवी मिळाली तर कायम होणार होती. बंगलोरचं एक स्थळ आलेलं होतं. मुलगा इंजिनियर होता आणि थांबायला तयार होता, किंवा त्याची आई त्याच्या वतीने तयार होती. माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी निर्णय दिला:

"दोन पाऊस. तिसरा नाही."

त्यांनी वर्षं म्हटलं नाही, पाऊस म्हटलं, कारण प्रबंधाच्या अर्जात मी तसंच लिहिलं होतं. मद्रासकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. बाकीचे महिने आम्ही त्याच्याबद्दल बोलतो. डोंगरावर जे उगवायचं ते त्या तीन महिन्यांत उगवतं आणि जे मरायचं ते मे महिन्यात मरतं. तेव्हा दोन पाऊस म्हणजे दोन प्रयोग. अप्पांनी ते कागदावर लिहून माझी सही घेतली.

डोंगर तांबरमच्या पलीकडे होता. विजेच्या गाडीने तांबरमला उतरायचं, मग तळ्याच्या बांधावरून तासभर चालायचं. त्याला डोंगर म्हणताना तुमच्याकडची माणसं हसतील. पण तो सपाट जमिनीतून एकदम उठलेला होता, आणि माथ्यापर्यंत नुसता तापलेला खडक होता. खडकांच्या फटींतून थोडी खुरटी झुडपं, कुसळी गवत आणि पिवळ्या फुलांचा तरवड. तरवड शेळ्या खात नाहीत, म्हणून तो सगळीकडे होता. जुन्या माणसांच्या आठवणीत मात्र तिथे दाट झाडी होती: अंजनी, करवंद, बोर, आणि आत शिरलेला माणूस बाहेरून दिसू नये इतकी.

ती झाडी कुठे गेली, ह्यावर आमच्या क्षेत्रात दोन मतं होती. माझ्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक, म्हणत की पाऊस कमी झाला आणि ऊन वाढलं. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणत की शेळ्या वाढल्या आणि कुऱ्हाडी वाढल्या. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मला मोजायला सांगितलं होतं.

त्यासाठी मी चार चौकटी आखल्या. डोंगराच्या दक्षिणेकडे ऊन सरळ लागायचं, तिथे दोन. उत्तरेकडे दुपारनंतर सावली यायची, तिथे दोन. प्रत्येक बाजूला एक चौकट उघडी ठेवली आणि एकीला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. पाऊस चौघींवर सारखाच पडणार. उन्हाचा फरक हवा असेल तर उत्तर आणि दक्षिण ताडून पाहायची. शेळ्यांचा फरक हवा असेल तर कुंपणातली आणि उघडी ताडून पाहायची. आत खुंट्या, दोरे, आणि प्रत्येक रोपाजवळ नंबर ठोकलेला पत्र्याचा तुकडा. हे इतकं सोपं आहे की ते बिघडवायला विशेष बुद्धी लागते.

कुंपण घालायला माझे मामाआजोबा आले. म्हणजे आईचे मामा. ते स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त होऊन तांबरमला राहत. आयुष्यभर लेखी हुकूम वाचणं आणि तो अक्षरशः पाळणं एवढंच त्यांनी केलं होतं, आणि त्यांच्या कारकिर्दीत एकही अपघात झाला नव्हता. मी दर पंधरवड्याला जात असे. मधल्या काळात त्यांनी चौकटींवर नजर ठेवायची असं ठरलं. काही सांगायचं असलं की मी इंग्रजीत पोस्टकार्ड टाकायची, आणि ते सांगितलं तेवढंच करायचे.

कुंपण घालत असताना एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. तो डोंगर तिच्या शेळ्यांचाच होता म्हणा ना. तिला सगळे पाटी म्हणत, तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"आत काय पेरलंस अम्मा?"

"काही नाही पाटी."

"मग राखतेस काय?"

"तुझ्या शेळ्या आत यायला नकोत."

"आत काही नाही, त्याला कुंपण. आणि नाव माझ्या शेळ्यांचं." तिने मामाआजोबांकडे पाहिलं. "पोरीचं लग्न झालंय का?"

"ठरतंय," मामाआजोबा म्हणाले.

"लवकर करा," पाटी म्हणाली.

पहिला पाऊस चांगला झाला. पाऊस संपल्यावर मी गुडघे टेकून रोपं मोजली. आकडे इथे देत नाही, तुम्ही ते तपासणार नाही. पण काय दिसलं ते सांगते. उत्तरेकडे कुंपणात गवत उभं राहिलं होतं, गवताने माती धरली होती, आणि मातीने ओल धरली होती. त्या ओलीत अंजनीची आणि करवंदाची बोटभर रोपं आली होती. बाहेरच्या उघड्या चौकटीवरही तेवढाच पाऊस पडला होता, पण तिथलं पाणी उघड्या खडकावरून खाली तळ्यात गेलं होतं. थोडी रोपं आली होती, त्यांचे शेंडे खाल्लेले होते. दक्षिणेकडे मात्र कुंपणातही फारसं काही नव्हतं. तिथली ओल जानेवारीतच उडाली. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका पावसाने काही सिद्ध होत नाही." अध्यक्षही तेच म्हणाले. दोघांचं एकमत झालेला तो एकच मुद्दा.

मधल्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली, ती प्रबंधात नाही. आमच्या घरी स्वयंपाक चुलीवर व्हायचा. मोठं सरपण सुरूच्या लाकडाचं, आणि पेटवायला वखारीतून बारीक काटक्यांच्या मोळ्या यायच्या. एका सकाळी मी स्वयंपाकघरात बसले होते आणि सवयीने मोळीकडे पाहिलं. समोरासमोर पानांचे वण, गाठी फुगलेल्या, साल बारीक चिरा पडलेली. सगळी अंजनी. मी वखारवाल्याला विचारून आले. तो म्हणाला, तांबरमच्या बाजूने बायका डोक्यावरून आणतात.

"आई," मी म्हटलं, "हे आपण जाळायचं नाही."

"का गे?"

"ही माझ्या डोंगरावरची झाडं आहेत. ती तोडली जातात म्हणून डोंगर उघडा पडतो. मी तेच तर लिहितेय."

आईने आणखी दोन काटक्या आत सरकवल्या. "मग भात तुझ्या लिहिण्यावर शिजवू?"

मी भात खाल्ला. अंजनी तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, फक्त तिला दोन-तीन वर्षं कुणी हात लावता कामा नये. एवढी सवड तिला आमच्या चुलीने दिली नव्हती. बाईंनी मला विचारलं असतं की माणसं म्हणजे कोण, तर मला पत्ता सांगता आला असता.

दुसरा पाऊस सुरू झाला. पहिल्यापेक्षाही चांगला. नोव्हेंबरात मी मोजणीला जाणार, तोच मला कांजिण्या आल्या. आमच्या घरी कांजिण्या येत नसत, देवी येत असे. माझ्या खोलीच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, अंथरुणावर पाला आला, आणि कडुनिंबाच्या पाण्याची तीन न्हाणी होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही असं आईने सांगितलं. भेटायला कुणी नाही. सोबतीला पुण्याच्या मासिकाचे बारा जुने अंक. मी ते सगळे पुन्हा वाचून काढले. त्यामुळे माझी मराठी त्या दिवसांत फारच शुद्ध झाली होती.

पडल्यापडल्या मला काळजी लागली. उत्तरेकडच्या कुंपणात गारवेल माजायला लागला होता. तो खुंट्यांवर आणि पत्र्यांवर चढला की नंबर वाचता येणार नाहीत, आणि लहान रोपं खाली गुदमरतील. म्हणून मी मामाआजोबांना पोस्टकार्ड लिहिलं. नेहमीप्रमाणे इंग्रजीत लिहिलं असतं तर हा मजकूर इथेच संपला असता. पण बारा अंक डोक्यात होते. मी मराठीत लिहिलं:

"उत्तरेकडील चौकटीच्या वेली आता मुळासकट काढून टाकाव्यात. एकही ठेवू नये. माझी वाट पाहू नये."

आईने कार्ड कडुनिंबाच्या धुरावर धरलं आणि पेटीत टाकायला दिलं.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. मी मराठीत लिहिलं म्हणून त्यांनीही मराठीत लिहिलं होतं, मान राखायला:

"तुझ्या कार्डाप्रमाणे चारी बाजूंच्या वेली काढल्या. एक काटाही ठेवला नाही. काटे शेळीवाली सरपणाला घेऊन गेली. ती फार खूश आहे. तब्येत सांभाळ."

मी ते दोनदा वाचलं. गारवेलाला काटे नसतात.

आता समजावून सांगते. तमिळमध्ये कुंपणाला 'वेली' म्हणतात. आमच्या घरीही कुंपणाला वेलीच म्हणत, दुसरा शब्द मामाआजोबांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. आणि जिला पुण्याच्या मासिकात वेल म्हणतात, तिला आम्ही 'कोडी' म्हणत असू. तोही तमिळच. मी घरच्या भाषेत लिहिलं असतं तर 'कोड्या काढा' असं लिहिलं असतं. मी शुद्ध लिहिलं. मामाआजोबांनी पाहिलं की 'वेली काढाव्यात' असं अनेकवचन आहे. चौकटीला बाजू चार, म्हणून अनेकवचन बरोबर, असं त्यांनी धरलं. वर 'मुळासकट' आणि 'एकही ठेवू नये'. इतका स्पष्ट हुकूम त्यांना नोकरीतसुद्धा क्वचितच मिळाला होता.

मी दारातून अप्पांना हाक मारली.

"अप्पा, मामाआजोबांना तार करा. आत्ताच्या आत्ता."

"काय लिहू?"

"कुंपण गेलंय. शेळ्या आत शिरल्या असतील. त्यांना हाकला, पुन्हा काटे लावा, मी येईपर्यंत लक्ष ठेवा."

अप्पांच्या मते तार थोडक्यात असावी. त्यांनी इंग्रजीत तीन शब्द पाठवले: शेळ्या बाहेर काढा. मामाआजोबांनी तार मिळताच जाऊन शेळ्या बाहेर काढल्या. तसं कळवलंही. शेळ्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आत गेल्या, पण त्याबद्दल तारेत काही नव्हतं.

तिसरं न्हाण झालं त्याच दिवशी मी तांबरमची गाडी धरली. आई नको म्हणत होती. चेहऱ्यावर खपल्या होत्या, गाडीत शेजारी कुणी बसलं नाही. मामाआजोबा स्टेशनवर घ्यायला आले होते. वाटेत मी त्यांना चूक सांगितली. ते बांधावर थांबले.

"म्हणजे तुला कोडी म्हणायचं होतं?"

"हो."

"मग कोडी का नाही म्हटलंस?"

"तो शब्द शुद्ध नाही, मामाआजोबा."

ते पुढे चालायला लागले. चालता चालता म्हणाले, "मला वाटलं, आता पाहून झालं असेल. शास्त्राचं काम. आपण मधे विचारू नये."

उत्तरेकडच्या चौकटीत खुंट्या होत्या, पत्रे होते, नंबर अगदी स्वच्छ वाचता येत होते. रोपं नव्हती. गवत दातांनी कातरल्यासारखं होतं. गारवेलही गेला होता. तरवडाची चार रोपं तेवढी होती. दोन पावसांत जे वाढलं होतं ते बारा दिवसांत गेलं होतं, आणि माझ्या हातात आता उत्तरेकडे दोन उघड्या चौकटी होत्या, आणि पाऊस संपत आला होता.

पाटी तिथेच बसली होती. मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. तिचं उत्तर आठवतं. मामाआजोबांना ती ऐया, म्हणजे साहेब, म्हणायची.

"मला काय बोलतेस? ऐयांनीच काटे काढले, पत्र हातात घेऊन. माझ्या शेळ्यांनी काय पत्र वाचलं होतं?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने आवाज उतरवला. "देवी आली होती का? उन्हात कशाला आलीस मग? घरी जा. ताक पी."

दुसऱ्या दिवशी मी बाईंसमोर उभी राहिले. सगळं सांगितलं, वेली आणि कोडीसकट. त्या मल्याळी होत्या, म्हणून हे दोन्ही शब्द त्यांना लगेच कळले, जे मला फारसं सोयीचं झालं नाही. त्यांनी बराच वेळ पेन्सिलीने टेबलावर टकटक केलं.

"आपण असं लिहू शकतो," त्या म्हणाल्या, "की निरीक्षणासाठी कुंपण मुद्दाम उघडण्यात आलं. बारा दिवसांत काय झालं हे तुझ्याकडे आहे. वाईट पुरावा नाही तो."

"पण मुद्दाम नव्हतं."

"नव्हतं. मग खरं लिही, आणि पुन्हा कुंपण घाल, आणि आणखी एक पाऊस बघ. खाल्लेल्यातलं परत काय येतं ते कळेल. मंडळ त्याला हरकत घेणार नाही."

त्यांना अप्पांच्या कागदाची कल्पना नव्हती, ज्यावर माझी सही होती.

घरी मी अप्पांना सांगितलं. त्यांनी कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "दोन पाऊस," ते म्हणाले. "दोन्ही झाले. दुसरा जरा जास्तच झाला."

"दुसरा शेळ्यांनी खाल्ला, अप्पा."

"ते कागदात नाही. बंगलोरला मी फेब्रुवारी कळवलाय."

मी मुद्दे मांडले, त्यांनी खोडून काढले. आईने वाढलं आणि ती आत गेली. मी त्या आठवड्यात प्रबंध मधेच सोडायचं पत्र कॉलेजला लिहून ठेवलं होतं, इंग्रजीत, नीट टाइप करून. पाकिटात घातलं, पण तिकीट लावलं नव्हतं.

रविवारी मामाआजोबा आले. धोतर, काळा कोट, हातात फूलस्कॅप कागदाची घडी. त्यांनी बसायच्या आधी ती अप्पांना दिली. रेल्वेत अपघात झाला की चौकशी होते आणि अहवाल लिहितात. त्यांच्या कारकिर्दीत ती वेळ आली नव्हती, ती आता आली होती. अहवाल इंग्रजीत होता, परिच्छेदांना क्रमांक घातलेले. मी तो नंतर वाचला. त्याचा आशय असा: अपघाताचं ठिकाण, वेळ, हानी. पाठवणाऱ्याने सिग्नल बरोबर दिला होता, परंतु ह्या विभागात वापरात नसलेल्या संकेतात. घेणाऱ्याने त्याची खातरी करून घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. नंतर आलेली तार अपुरी होती. सबब जबाबदारी तिघांवर समान. शिफारस: वाहतूक पूर्ववत सुरू करण्यासाठी एका पावसाची मुदत द्यावी.

अप्पांनी तो दोनदा वाचला. हेडक्लार्कला क्रमांक घातलेले परिच्छेद आवडतात. 'तार अपुरी होती' ही ओळ त्यांनी मोठ्याने वाचली.

"तीन शब्दांत काय कमी होतं?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा काटे लावा, हे कमी होतं," मामाआजोबा म्हणाले. "तू लिहिलं असतंस तर मी लावले असते."

आतून आईचा आवाज आला, "अस्कं तुमच्यातच झालं. त्या पोरीला एक पाऊस द्या आणि जेवायला उठा."

अप्पांनी जुन्या कागदावर एक ओळ वाढवली. माझी सही पुन्हा घेतली, आणि ह्या वेळी स्वतःचीही केली.

बंगलोरचे लोक थांबले नाहीत. त्यांच्या मुलाचं लग्न त्याच वैशाखात झालं. मुलगी चांगली होती असं ऐकलं. तुमचे आजोबा नंतर आले. ते वेगळं प्रकरण आहे, आणि त्यात वनस्पती नाहीत.

डिसेंबरात मी पुन्हा काटे लावायला गेले. पाटी समोर उभी राहिली. ह्या वेळी ती हसत नव्हती. मे महिन्यात बाकी डोंगर जळतो तेव्हा उत्तरेकडे थोडं हिरवं राहतं आणि तिच्या शेळ्या त्यावर तगतात, हे तिने मला सांगितलं. मी दोन वर्षं तिथे मोजत होते आणि हे मला माहीत नव्हतं.

"किती दिवस ठेवणार?"

"एक पाऊस, पाटी. मग तुझंच."

"आधी कुणाचं होतं?" ती म्हणाली. पण तिने काट्याची एक फांदी उचलून मला दिली, आणि कुठून आत शिरतात तेही दाखवलं. त्या कोपऱ्यात मी दुहेरी काटे लावले. पूर्ण वर्षात एकही शेळी आत गेली नाही. मामाआजोबांना त्या वर्षात मी एकंदर नऊ कार्डं लिहिली. सगळी इंग्रजीत.

तिसरा पाऊस बेताचाच झाला. तरीही खाल्लेल्या अंजनीतली बरीचशी बुंध्यातून फुटली. करवंद थोडी आली. बाकीची कोवळी रोपं आली नाहीत, त्यांचं बी त्या जमिनीत उरलंच नव्हतं. दक्षिणेकडे कुंपण तीन वर्षं शाबूत होतं, आणि तिथे तीन वर्षांनीही ऊन आणि खडकच जास्त होता. मी दोन्ही जसंच्या तसं लिहिलं. पाटीच्या मे महिन्याबद्दलही एक परिच्छेद लिहिला. बाईंनी तो काढायला सांगितला, मग ठेवायला सांगितलं. दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबराखाली मी लिहिलं: 'कुंपण लेखिकेच्या चुकीने काढले गेले.'

तोंडी परीक्षेत अध्यक्षांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं. "कसली चूक?"

मी सांगितलं.

"पण वेली म्हणजे कुंपणच," ते म्हणाले. ते तमिळ होते.

"मराठीत नाही, सर."

"तुम्ही त्यांना मराठीत का लिहिलं?"

मी मासिकाच्या बारा अंकांचं सांगितलं. त्यांनी पान उलटलं. दक्षिणेकडच्या चौकटीचं वाचून ते समाधानी झाले, कारण तिथे हवामान होतं. उत्तरेकडचं वाचून बाई समाधानी होत्या, कारण तिथे शेळ्या होत्या. मला पदवी मिळाली. नोकरी जूनमध्ये कायम झाली, आणि मी निवृत्त होईपर्यंत तिथेच होते.

धाकटीसाठी: तुझ्या वहीत लिहायचं असेल तर असं लिही. कोरड्या डोंगरावर ऊन, उतार आणि पाऊस मिळून ठरवतात की कुठे काय उगवू शकेल. उगवलेल्यातलं किती राहील ते शेळ्या, कुऱ्हाडी आणि चुली ठरवतात. त्यांना थोडी सवड दिली तर काही परत येतं, सगळं येत नाही. शिक्षिका म्हणाल्या की ही एक ओळ नाही, तर त्यांना सांग की आजीला माहीत आहे.

काही वर्षांपूर्वी तुमच्या मामाने मला गाडीतून तिकडे नेलं. तळं बुजलंय, बांधावर घरं आहेत. डोंगराची दक्षिणेकडची बाजू खडीसाठी फोडून नेली, तिथे आता खोल पाणी आहे. उत्तरेकडची उतरण अजून आहे, आणि तिच्यावर अंजनी उभी आहे.